साथीची तपासणी उंबरठ्यावर सुरू होते

9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले दोन करोनाबाधित पुण्यात सापडले. पुणे-सातारा महामार्गाच्या पट्ट्यातल्या कामथडीसारख्या गावांना ही बातमी लांबची नव्हती. भोर-वेल्ह्यातल्या किती तरी घरांतलं कुणी ना कुणी पुण्यात कामाला असतं. टाळेबंदी लागली आणि माणसं गावी परतू लागली. कोण आलं, कुठून आलं, ताप आहे का, हे पाहायचं काम गावच्या आरोग्यसेवेवर आलं.

गावची आरोग्यसेवा म्हणजे कोण?

साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा स्वयंसेविका. सपाट भागात 5,000 आणि डोंगरी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, तिथे आरोग्यसेविका. 30,000 किंवा डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हे शासनाचे निकष. पण वेल्ह्याकडच्या विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवर लोकसंख्या थोडी असली, तरी पायपीट मोठी असते. ती करणाऱ्या आशाला पगार नाही, मोबदला मिळतो.

दारात काय पाहिलं जायचं?

15 सप्टेंबर ते 25 ऑक्टोबर 2020 या काळात राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असं पथक दिवसाला सुमारे 50 घरं करायचं. ताप, खोकला, दम लागणं यांची चौकशी व्हायची. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, किडनीचे आजार यांची नोंद व्हायची. मग बोटाला ऑक्सिमीटर. भांडी घासून आलेल्या बाईचं बोट गार असलं की आकडा चुकीचा येऊ शकतो. म्हणून हात पुसून, चोळून, गरम करून पुन्हा मोजायचं. प्राणवायू 95 पेक्षा कमी भरला, तर पुढच्या तपासणीला पाठवायचं.

सहा मिनिटं घरातल्या घरात चालून पुन्हा मोजणं हीही सोपी परीक्षा होती. आकडा 93 च्या खाली गेला किंवा 3 पेक्षा जास्त घसरला, तर दवाखाना गाठायचा.

कोणती चाचणी कशासाठी?

अँटिजेन चाचणीला प्रयोगशाळा लागत नाही. नाकातला स्वॅब द्रावणात घुसळायचा, थेंब पट्टीवर टाकायचे. 15 ते 30 मिनिटांत निकाल. गावात हिचा फार उपयोग झाला. पण शरीरात विषाणू कमी असेल, तर ती चुकू शकते. म्हणून लक्षणं असूनही अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करायची. तिचा नमुना थंड डब्यातून प्रयोगशाळेत जातो, म्हणून निकालाला वेळ लागतो. तोवर रुग्णाने वेगळं राहायला हवं.

माणसं आजार का लपवतात?

भीतीपोटी. गाव वाळीत टाकेल, रोजगार बुडेल, नेलेलं माणूस परत दिसणार नाही, ही ती भीती. पुणे जिल्ह्याला हे नवीन नाही. 1897 च्या प्लेगात गोऱ्या शिपायांनी घरं धुंडाळली, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः उचलून दवाखान्यात नेत होत्या. त्यांचा जन्म भोर तालुक्याच्या वेशीपलीकडच्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. रुग्णसेवेतच प्लेग होऊन 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. शिपाई आणि सावित्रीबाई, दोघंही रुग्णाच्या दारीच गेले होते. शिपायांना पाहून दार बंद झालं, सावित्रीबाईंच्या हाती लोकांनी आपलं लेकरू दिलं.

आशाताईला दार उघडतं, ते ती गावचीच असते म्हणून. कुणाच्या बाळाला डोस कधी द्यायचा, कुणाची सून कितव्या महिन्यात आहे, हे तिला तोंडपाठ असतं. तिने ‘चला, तपासून येऊ’ म्हटलं, तर पाय निघतात.

पुढच्या साथीआधी काय करावं?

पुरेसे मास्क, चालू ऑक्सिमीटर आणि वेळेवर मोबदला हे आशाला साथ नसतानाही मिळायला हवं. जून 2021 मध्ये, साथ चालू असताना राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. आपल्या ग्रामसभेत तिच्या कामाचा आणि अडचणींचा विषय दरवेळी निघायला हवा. साथीत आपलं दार सगळ्यात आधी तीच वाजवणार आहे.