न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र

चित्रकलेच्या तासाला शिक्षकांनी फळ्यावर वाघ काढावा व मुलांनी तो वहीत उतरवावा, ही रीत अनेक शाळांतून रूढ आहे. तीमुळे तास शांततेने पार पडतो. परंतु चाळीस मुलांचे चाळीस वाघ एकाच साच्यातले निघतात, आणि ज्याची रेघ चुकते तो ‘मला चित्र येत नाही’ असे ठरवून पेन्सिल खाली ठेवतो. हा समज एकदा रुजला म्हणजे सहसा सुटत नाही. म्हणून कल्पनाचित्राच्या अध्यापनाचा विचार अगत्याचा आहे.

कल्पना म्हणजे शून्यातून केलेली निर्मिती नव्हे. पाहिलेल्या गोष्टींचा मनात साठलेला संचय नव्या रीतीने जुळविणे म्हणजे कल्पना. हा संचय अपुरा पडला म्हणजे थोर कलावंतही चुकतो. सन १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेला एक गेंडा पोर्तुगालमधील लिस्बन शहरी पोहोचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो स्वतः न पाहता, वर्णन व एक कच्चे रेखाटन यांवरून त्याचे चित्र केले. त्यात कातडीला चिलखताचे रूप आले व मानेमागे नसलेले एक लहान शिंगही उगवले. तरीही ते चित्र इतके सजीव उतरले की, युरोपात दीर्घकाळ गेंड्याचे खरे रूप म्हणून तेच मानले गेले.

ढोकी परिसरातील मुलांजवळ हा संचय विपुल आहे. दारात कुत्रा, घरात मांजर व गोठ्यात शेळी ती रोज पाहतात. कुत्र्याच्या ठेवणीवरून लांडगा, मांजराच्या ठेवणीवरून वाघ व शेळीच्या ठेवणीवरून काळवीट साधता येतो.

प्रथम मुलांना घरचे जनावर नीट न्याहाळण्यास सांगावे. कुत्र्याच्या मागील पायाचा जो सांधा उलटा वाकल्यासारखा दिसतो, तो गुडघा नसून टाच होय; गुडघा वर पोटाजवळ असतो. कुत्रा व मांजर बोटांवर चालतात. शेळी खुरांवर, म्हणजे नखांवर चालते. एवढे ध्यानी आले की चित्रातील पाय खांबांसारखे निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच जनावर आठवून काढून घ्यावे. त्यानंतर वन्य प्राण्याचे वेगळेपण तोंडी सांगावे: लांडग्याचे पाय लांब व शेपूट खाली लोंबती असते, वाघाचे कान गोलसर असतात, काळविटाच्या नराची शिंगे पीळदार असतात, मादीस ती बहुधा नसतात. नमुना मात्र दाखवू नये. आधी धड, मग मान, डोके व पाय काढावेत. केस व पट्टे शेवटी.

डिसेंबर २०२४ मध्ये ढोकीजवळच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एका वाघाचे छायाचित्र स्वयंचलित कॅमेऱ्यात उमटले. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आल्याचे त्याच्या पट्ट्यांवरून ओळखता आले. कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. मग एका वर्गातले वाघ तरी सारखे का असावेत? हा वाघ उसाच्या फडातून निघाला आहे, की ओढ्यावर पाणी पीत आहे, की कान टवकारून काही ऐकत आहे, असे मुलांस विचारावे. उत्तरासरशी चित्र मनात उभे राहते.

चित्र तपासताना मुलाच्या रेघेवर शिक्षकांनी आपली रेघ ओढू नये. ‘मांजराचा हा पाय कोठे दुमडतो, ते घरी पाहून ये,’ एवढेच सांगावे. जो विद्यार्थी स्वतः पाहून स्वतःची रेघ सुधारतो, त्याच्या हातून पेन्सिल सुटत नाही.