वाचलेली बावीस मिनिटे
यवतमाळ ते नागपूर अंतर सुमारे १५० किलोमीटर. ताशी ८०ने अखंड गेले तर एक तास ५२ मिनिटे लागतात, १००ने दीड तास. कागदावर वाचली २२ मिनिटे. तीही पदरात पडत नाहीत, कारण सरासरी ठरवतात ती वाटेतली गावे, कापसाच्या हंगामातले ट्रॅक्टर आणि चहाचा थांबा (तो कोण चुकवतो?). उलट ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे इथे दीडपटीहून अधिक वाढते. ‘रस्ता चौपदरी झाला, आता भीती कसली?’ हा प्रश्न रास्त आहे. पण मागचा दिवा नसलेली ट्रॉली रात्री चौपदरीवरही हेडलाइटच्या टप्प्यात आल्यावरच दिसते. नागपूरला डॉक्टरांची वेळ घेतली असेल, तर हिशेब ताशी ६०ने धरून अडीच तास आधी निघावे.