मागील चाकाचा एकच शॉकअप : टिकाऊपणा आणि भरवसा

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे गाव पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरच्या जवळ वसलेले आहे. तेथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय स्थापन झाले आणि वाहन अभियांत्रिकी ही शाखाही त्यात शिकविली जाऊ लागली. त्यामुळे या परिसरात दुचाकीच्या एकाच भागाला दोन भाषा लाभल्या आहेत : एक वर्गातली, दुसरी गॅरेजातली. वर्गात ज्याला 'सस्पेन्शन' म्हणतात त्याला परिभाषाकार 'निलंबन' म्हणतील. परंतु वृत्तपत्र वाचणाऱ्या मराठी माणसास निलंबन म्हटले की प्रथम सरकारी नोकरच आठवतो, चाक आठवत नाही. गॅरेजात मात्र 'शॉकअप' हा एकच शब्द चालतो. 'शॉक ॲब्सॉर्बर' या लांबलचक इंग्रजी जोडशब्दाची शेपटी तुटून तो बनलेला दिसतो. त्यातील 'अप' या अंशाचा वर जाण्याशी संबंध नाही. पण चाक वर-खाली होत असल्याने तो अर्थ बोलणाऱ्याच्या मनात सहज चिकटतो.

आज या शब्दाभोवती एक प्रश्न वारंवार विचारला जातो : मागे दोन शॉकअप असलेली मोटरसायकल चांगली की एकच असलेली? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शब्दच थोडा उसवून पाहणे अवश्य आहे, कारण मूळ इंग्रजी नाव दिशाभूल करणारे आहे. रस्त्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची शक्ती आपल्यात साठवून घेते. परंतु साठविलेली शक्ती ती परत करते. केवळ स्प्रिंग असती तर एका गतिरोधकानंतर गाडी होडीसारखी डुलत राहिली असती. ती डोलणे थांबविण्याचे काम स्प्रिंगच्या आतील नळीचे होय. नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून जबरीने जाते, घर्षण होते आणि शक्तीचे रूपांतर उष्णतेत होते. म्हणजे ज्याला आपण धक्का शोषणारा म्हणतो तो वस्तुतः धक्का नव्हे, तर स्प्रिंगची उसळी शोषतो. मराठीला स्प्रिंगची ओळख जुनी आहे. 'कमान' या फारसी शब्दाचा अर्थ धनुष्य. तो घड्याळाच्या कमानीपर्यंत आणि टांग्याच्या कमानीपर्यंत आला. तेलाच्या नळीला मात्र आपल्या जुन्या वाहनांत जोड नव्हती, म्हणून तिच्यासाठी जुना शब्दही नव्हता.

एकच शॉकअप ही गोष्ट पुणे जिल्ह्यास नवीन आहे असे म्हणता येणार नाही. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतक स्कूटरच्या मागील चाकाला एकच स्प्रिंग व एकच तेलाची नळी होती. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या या स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुले आणि पुढे सिलिंडर अशी ओझी वर्षानुवर्षे वाहिली गेली. त्या काळी कोणी 'मोनोशॉक' हा शब्द उच्चारला नाही, कारण त्यात मिरविण्यासारखे काही नव्हते. मोटरसायकलीत हाच शब्द प्रतिष्ठेचा झाला तो निराळ्या वाटेने. ल्यूसियँ टिलकेन्स या बेल्जियन अभियंत्याने सीटखाली आडवा एकच शॉकअप बसविण्याची रचना केली. यामाहा कंपनीने ती घेतली आणि १९७३ साली स्वीडनचा होकान अँडरसन त्या गाडीवर २५० सीसी गटातील मोटोक्रॉसचा जगज्जेता ठरला. भारतात २००४ साली होंडा युनिकॉर्न, २००८ साली यामाहाची एफझी आणि २०१२ साली बजाजची पल्सर २००एनएस या गाड्यांनी ही रचना रस्तोरस्ती नेली.

स्कूटरचा एक आणि मोटरसायकलचा एक यांत संख्येचे साम्य आहे, कामाचे नाही. स्कूटरचा शॉकअप चाकाच्या आसाजवळ असतो. मोटरसायकलचा मोनोशॉक आसापासून दूर, चिमट्याच्या मुळाशी बसतो. (चाक धरून ठेवणाऱ्या मागील दुहेरी दांड्याला मिस्त्री चिमटा म्हणतात, इंग्रजी नावापेक्षा हा शब्द वस्तूचे रूप अधिक नेमके दाखवितो.) येथे तरफेचा नियम लागू होतो. समजा, चाक १२० मिलिमीटर वर उचलले जाते. आसाजवळचे दोन शॉकअप त्या वेळी सुमारे १०० मिलिमीटर दबतील. मुळाशी बसविलेला एक मात्र ५० मिलिमीटरच दबेल. चाकावर १०० किलोंचा भार आला तर पहिल्या रचनेत एकूण १२० किलोंचा जोर दोघांत वाटला जाऊन प्रत्येकी ६० येईल. दुसरीत एकट्यावर २४० येईल. म्हणजे चौपट. शिवाय तेवढीच उष्णता दोन नळ्यांऐवजी एकाच नळीतून बाहेर पडावयाची, आणि तीही बहुधा इंजिनाच्या मागे, जेथे वारा कमी लागतो. तेल तापले की पातळ होते. नळीतील हवा त्यात मिसळून फेस झाला तर दट्ट्याला अडविण्याचे बळच उरत नाही. हे टाळण्यासाठी चांगल्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात, आणि काहींत तो तेलापासून निराळा राखलेला असतो.

बर्फावर पट्ट्याने धावणाऱ्या स्नोमोबाईल या वाहनातही हाच वाद आहे. तेथे मागील पट्ट्याच्या आत बहुधा दोन शॉकअप असतात, एक पुढे व एक मागे. काही रचनांत दांड्यांनी दोन्ही भुजा जोडून एकावरच काम भागविले जाते. थंडीत तेल घट्ट होते आणि सलग उंचवट्यांवरून धावताना तेच तेल तापते, म्हणून एकट्या नळीची परीक्षा तेथे अधिक कठोर होते. आंबेगावात बर्फ नाही. पण ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी खचलेला रस्ता आणि गावागणिक गतिरोधक हे उंचवटेच होत.

मग मोनोशॉक कमी विश्वसनीय ठरतो काय? येथे मराठी भाषा इंग्रजीपेक्षा उपयोगी पडते. 'रिलायबिलिटी' या एका शब्दात जे कोंबले आहे त्याचे मराठीत दोन भाग सहज पडतात : वस्तू 'टिकाऊ' आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ती 'भरवशाची' आहे की नाही हा दुसरा. टिकाऊपणात मोनोशॉक हरतोच असे नाही. त्याची नळी मोठी असते, चौपट जोर गृहीत धरूनच ती घडविलेली असते, आणि दोन शॉकअपपैकी एक आधी ढिला पडून चिमट्याला पीळ बसणे हा दोष त्याच्या बाबतीत संभवत नाही. दोन नगांत एखादा बिघडण्याची शक्यता तर एका नगापेक्षा अधिकच. भरवशाचा हिशेब उलटा आहे. दोहोंपैकी एक गळू लागला तरी दुसऱ्याच्या आधाराने गाडी हळूहळू घरी येते. एकटा गेला की मागे काही उरत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून संकलन केंद्राकडे निघालेल्या मोटरसायकलीचा विचार करावा. ४० लिटरच्या एका कॅनमधील दूध सुमारे ४१ किलो भरते. दोन कॅनचे ८२ किलो, वर कॅनचे वजन निराळे. मागे बसलेल्या माणसाचे वजन बव्हंशी आसाच्या पुढे पडते. कॅन आसावर किंवा त्याच्याही मागे लोंबतात. त्या गाडीला दोन शॉकअप असणे हेच शहाणपणाचे, असे निःसंकोच म्हणावयास हरकत नाही. त्यातील स्प्रिंगची कडी बाहेरूनच दिसते व आकड्याने फिरविता येते. दोन्ही बाजूंची पायरी सारखी ठेवली म्हणजे झाले. मोनोशॉकची कडी आत दडलेली असते आणि ती फिरविण्याचा कंटाळा बहुतेक चालक करतात. एकट्याने फिरणाऱ्यास मात्र वळणावर स्थिर राहणारी मोनोशॉकची गाडी अधिक सुखाची वाटेल. ती वाटणी जाहिरातीने नव्हे, ओझ्याने ठरावी.

आश्चर्य असे की ज्या गॅरेजात वस्तूचे नाव एकच आहे तेथे दोषांची नावे मात्र काटेकोर आहेत. 'स्प्रिंग बसली', 'शॉकअप गळतो', 'बुश खाल्ला' ही तीन वाक्ये तीन निरनिराळे रोग सांगतात. 'शॉकअप गेला' हे चौथे वाक्य गिऱ्हाइकाचे. त्यात तिन्ही रोग एक होतात आणि पुष्कळदा एका रबरी बुशासाठी संपूर्ण नग बदलण्याचा खर्च होतो. मोनोशॉकच्या बाबतीत हा खर्च विशेष झोंबतो, कारण नग महाग असतो. रोग ओळखण्याची रीत साधी आहे. सीटवर दोन्ही हातांनी जोराने दाब देऊन सोडावे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर नळी ठीक आहे. दोन-तीनदा उसळली तर तेल गेले. उसळली नाही, पण पूर्वीपेक्षा खालीच राहिली तर स्प्रिंग बसली. 'टक्' असा आवाज आला तर बुश पाहावा. मोनोशॉकमध्ये चिमटा आणि शॉकअप यांना सांधणाऱ्या लिंका असतील तर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन किंवा मागून उचलून चाक वर-खाली हलवावे, कारण त्या लिंकांचे सांधे चिखलाच्या वाटेवरच असतात आणि पावसाळ्यानंतर तेथे ग्रीस भरण्याची आठवण फारशी कोणास होत नाही.