न मागितलेलं निदान

आशिष नंदी मूळचे भागलपूरचे, जन्म १९३७चा. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात समाजशास्त्र शिकायला आले. मग अहमदाबादेत मानसशास्त्रात पीएच.डी. केली आणि दिल्लीच्या ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज’मध्ये स्थिरावले. एकेका रुग्णाऐवजी त्यांनी अख्खा समाजच तपासायला घेतला. त्यांच्याभोवतीच्या वादांचं मूळ मला तिथेच दिसतं.

मराठी वाचकाला ते सर्वांत जास्त झोंबतात गांधीहत्येवरच्या निबंधात. तो १९८०च्या ‘ॲट द एज ऑफ सायकॉलॉजी’त आहे. आधीचे मुलगे जगले नाहीत म्हणून नथुराम गोडसेला लहानपणी मुलीसारखं वाढवलं, नाकात नथ घातली, हे आपल्याकडे गप्पांच्या ओघात सांगून सोडून दिलं जातं. नंदी मात्र तिथे थबकतात. एकीकडे सत्ता गमावलेल्या चित्पावनांची सल आणि मर्दानगीलाच देशभक्ती मानणारं राजकारण. दुसरीकडे स्वतःतलं स्त्रीत्व न लपवणारे, जुन्या अभिजनांना बाजूला सारणारे गांधी. मारेकरी हा कुणी एकटा माथेफिरू नव्हता, असं नंदी म्हणतात, आणि ते पटतं. पण त्या नथेपासून बिर्ला भवनापर्यंत सरळ रेघ कशी ओढणार? नवसासायासाने, नथ घालून वाढवलेली कितीतरी मुलं पुढे निमूटपणे कारकुनी करून निवृत्त झाली असतील!

वसाहतवाद राज्यकर्त्याच्याही मनाची मोडतोड करतो, हे सांगणारं ‘द इंटिमेट एनिमी’ १९८३ साली आलं आणि त्यांचं नाव जगभर झालं. १९८७मध्ये देवराळ्यात रूपकंवर सती गेली, तेव्हा सतीची पुराणातली कल्पना आणि प्रत्यक्ष घटना यांत त्यांनी फरक केला. स्त्रीवादी अभ्यासक संतापल्या, आणि माझ्या मते रास्तच संतापल्या. चिता अजून ताजी असताना असला भेद निर्दयी वाटतो. २००८मध्ये गुजरातच्या मध्यमवर्गावरच्या लेखापायी त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला.

सर्वांत मोठा गदारोळ २६ जानेवारी २०१३चा, जयपूर साहित्य महोत्सवातला. सधनांचा भ्रष्टाचार डोळ्यांवर येत नाही, हा त्यांचा मुद्दा. मी तत्त्वज्ञ रिचर्ड सोराबजींवर उपकार केले आणि त्यांनी माझ्या नात्यातल्या मुलाची ऑक्सफर्डमध्ये सोय लावली, तर त्याला कुणी भ्रष्टाचार म्हणणार नाही, असं ते म्हणाले. पण पुढे बहुतेक भ्रष्ट लोक ओबीसी, अनुसूचित जाती आणि आता जमातींतलेही असतात, असं विधान करून बसले. जोवर असं आहे तोवर प्रजासत्ताक तगेल, ही त्याला जोडलेली तिरकस पुस्ती. दाखला पश्चिम बंगालचा: तिथे या समाजांतलं कुणी सत्तेच्या जवळ आलं नाही, म्हणून ते राज्य सर्वांत कमी भ्रष्ट. आकडेवारी काहीच नाही. हा उपरोध समजा कळला, तरी ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या कलंक मारला गेला, त्यांनी तो कौतुकाने का ऐकावा? रुग्ण आपल्या पायांनी दवाखान्यात येतो. या समाजांनी नंदींना बोलावलं नव्हतं.

बहुजन विचारवंत कांचा इलैया यांनी हेतू चांगला, विधान वाईट असा निवाडा दिला. या विधानावरून गुन्हे दाखल झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नंदींच्या अटकेला स्थगिती दिली, पण अशी विधानं करण्याचा परवाना नाही, हेही सुनावलं.