डोक्यावर ऊन, तरी पंखा बंद

भर दुपारी लाईट जाते. गच्चीवर तीन किलोवॉटचे नवेकोरे पॅनेल, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि खाली पंखा बंद. सोलर बसवलेल्या कितीतरी घरांत पहिलं भांडण याच वेळी होतं. एवढे पैसे घातले ते कशाला, असं थोरली माणसं विचारतात. ज्याने आग्रह धरलेला असतो तो बसवणाऱ्याला फोन लावतो आणि उत्तर मिळतं, "दादा, आपलं ऑनग्रिड आहे." हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं, सहसा सांगितलं जात नाही.

ऑनग्रिड म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा; तिच्यातला इन्व्हर्टर स्वतःच्या बळावर चालतच नाही. बाहेरून येणाऱ्या लाईनचा दाब आणि तिची 50 हर्ट्झची लय पकडून तो आपली वीज तिच्यात मिसळतो. लाईन मेली की त्याला धरायला लय उरत नाही आणि एक-दोन सेकंदांत तो आपणहून बंद होतो. त्याला तसंच घडवलेलं असतं. लाईट गेलेली असते तेव्हा कुठल्या तरी खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. घराघरांतून उलटी वीज तारेत येत राहिली, तर गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उलटा चालून पलीकडच्या तारेवर 11 हजार व्होल्ट उभे करू शकतो. लाईन बंद आहे म्हणून हात घालणाऱ्याचं काय होईल, ते सांगायला नको. लाईट परत आल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. लाईन टिकते आहे का हे पाहायला मिनिटभर किंवा जास्त वेळ घेतो. तेवढ्यात घाबरून बटणं दाबत बसू नये.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते आणि खर्च बराच वाढतो. महिन्यातून एकदा तासभर लाईट जाते अशा शहरी घरात तो खर्च मला पटत नाही. दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय चालेल एवढी छोटी बॅटरी बहुतेकांना पुरते.

बिल शून्य होतं, ही समजूत योजनेच्या नावामुळेच जास्त पसरली आहे. 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' 2024 साली आली. तीत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार आणि तीन किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॉटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, जुलै-ऑगस्टमध्ये कमी. नेट मीटर ही वीज तुमच्या वापरातून वजा करतो, पण स्थिर आकार द्यावाच लागतो. आणि सोलर आलं म्हणून दुसरा एसी घेतला, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

"विदर्भात ऊन कडक, तिथे पॅनेल जोरात चालणार"

हा घोटाळा गच्चीवरच्या जुन्या सोलर हीटरने करून ठेवला आहे. त्यात उन्हाने पाणी तापतं, म्हणून पॅनेललाही उष्णताच लागत असावी असं वाटतं. पॅनेलला प्रकाश लागतो. उष्णता त्याची वैरी आहे. पॅनेलवर छापलेले वॉट हे पॅनेलमधले सेल 25 अंश सेल्सिअसला असतानाचे असतात. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी ते 60 अंशांच्या वर सहज जातात, आणि प्रत्येक वाढत्या अंशाला उत्पादन 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटतं. म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त वीज नुसती तापण्यात जाते. म्हणूनच पॅनेल स्लॅबवर चिकटवून बसवत नाहीत; खालून वारा खेळायला जागा ठेवतात. उलट ढगाळ दिवशी पसरलेल्या प्रकाशावरही थोडीफार वीज बनतच राहते.

पॅनेल बनवायला लागते तेवढी वीज ते आयुष्यभरात परत देत नाही, हे मात्र साफ खोटं. आपल्या उन्हात ती फेड एक ते दोन वर्षांत होते आणि पॅनेल पंचवीस वर्षं चालतं. 1954 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जने दाखवलेला सिलिकॉन सेल सूर्यप्रकाशाचा सहा टक्के हिस्सा विजेत बदलत होता. आज बाजारातलं चांगलं पॅनेल बावीसच्या आसपास आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवून प्रयोगशाळेत 34 टक्क्यांपर्यंत मजल गेली आहे. पण तो थर दमटपणा आणि उष्णतेपुढे लवकर हात टेकतो, त्यामुळे कोकणातल्या गच्चीवर तो पंचवीस वर्षं टिकेल याची हमी अजून कुणी देऊ शकत नाही.

"पवनचक्क्यांनी पाऊस पळवला"

साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि पुढे पूर्वेकडे दुष्काळ पडला. दोष कुणाच्या माथी जाणार हे ठरलेलंच होतं. पाती ढग कापतात, वारा परतवतात, असं लोक अगदी खात्रीने सांगत. वास्तविक महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पाऊस ही तफावत सह्याद्रीने केलेली आहे. घाट चढताना ढग पश्चिमेला रिते होतात. माण-खटाव पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीपासून पर्जन्यछायेत आहेत. शंभर मीटर उंचीची यंत्रं काही किलोमीटर जाडीच्या मोसमी ढगांना अडवू शकत नाहीत.

डिसेंबरात पवनचक्क्या नुसत्या उभ्या दिसतात, म्हणून बंद पडल्यात असंही म्हणतात. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा. सह्याद्रीवर खरा वारा जून ते सप्टेंबर. ढगांनी सोलर मंदावतं नेमक्या त्याच दिवसांत पवनचक्क्या जोरात असतात, आणि हा आपल्या हवामानाने दिलेला मोठा फायदा आहे. खरी अडचण वेगळीच. सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रांनी अडवल्या आहेत. त्यातली बरीच करसवलतीसाठी वेगवेगळ्या मालकांनी विकत घेतलेली. ती काढून मोठी यंत्रं उभी करायची, तर या सगळ्यांना एकत्र कोण बसवणार?

"देशाची निम्मी वीज आता स्वच्छ झाली"

2025 च्या मध्याला भारताची निम्मी *स्थापित क्षमता* कोळसा-वायूविना झाली; 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. कौतुक आहेच. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण 17 लाख युनिट देतो. तेवढाच कोळशाचा संच त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणून प्रत्यक्ष वापरलेल्या विजेत जलविद्युत आणि अणुऊर्जा धरूनही स्वच्छ वाटा पाव हिश्शाच्या आसपासच राहतो.

स्वस्तात वीज बनवणं आता जमलं आहे. ती संध्याकाळी सात वाजता देणं जमलेलं नाही. दुपारी राजस्थानात कधी सौर वीज घ्यायला तारा अपुऱ्या पडतात आणि उत्पादन कमी करायला सांगितलं जातं. दिवेलागणीला पुन्हा कोळसा. तारा टाकायला प्रकल्पापेक्षा जास्त वर्षं लागतात. माळढोकाच्या अधिवासातून त्या जमिनीखालून न्याव्यात की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये दिलेला आदेश 2024 मध्ये बदलावा लागला.

साठवण म्हटलं की सगळ्यांना बॅटरी आठवते, आणि तिची किंमत खरोखर कोसळली आहे: 2010 मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर, 2024 मध्ये 115 च्या आसपास. पण जुना उपाय आपल्या घाटात आहे. अकोले तालुक्यात घाटघरला वरचं धरण, कड्याखाली शहापूर तालुक्यात दुसरं, मध्ये सुमारे चारशे मीटरचा उतार आणि डोंगराच्या पोटात 125 मेगावॉटचे दोन उलटसुलट चालणारे संच. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. शंभर युनिट खर्चले की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. हा प्रकल्प रात्रीची उरलेली वीज वापरायला बांधला होता. आता उरते ती दुपारची. सह्याद्रीत अशा जागा पुष्कळ आहेत, पण जंगलही तिथलंच जाणार.

"सौर पंप आला की शेतकऱ्याचं भागलं"

रात्रीच्या लाईटीवर दारं धरायला जाणाऱ्याला साप, विंचू आणि आता बिबट्या यांची धास्ती असते. दिवसा वीज म्हणजे त्याला रात्रीची झोप. विहिरीचं पाणी दिवसाच उपसता येत असल्याने शेतीपंपाला बॅटरीही लागत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के भरायचे, बाकी सरकार देतं. पण फुकट उन्हावर चालणारा पंप थांबवायचं कारणच उरत नाही, आणि भूजल आधीच खोल गेलेल्या गावात ही चिंतेची गोष्ट आहे. पाणी द्यायचं नसतं त्या महिन्यांत पॅनेलची वीजही वाया जाते. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0' मध्ये उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून अख्ख्या फिडरला दिवसा वीज दिली जाते आणि उरलेली ग्रिडला जाते. लाईन पोचली आहे तिथे मला हाच मार्ग बरा वाटतो. जिथे खांबच गेलेला नाही, अशा डोंगरातल्या वस्तीवर स्वतंत्र पंपाला पर्याय नाही.