प्रचारातलं खोटं : नुकसान नेमकं कोणाचं?

मेसमध्ये राजकारणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, राजकारणात सगळेच खोटं बोलतात, त्यात काय एवढं?" आणि वाद तिथेच संपतो. मला वाटतं, खरा वाद तिथून सुरू व्हायला हवा. त्यासाठी एक जुनं उदाहरण घेऊ.

साल १९२४. ब्रिटनमध्ये रॅम्से मॅकडोनाल्ड यांचं, म्हणजे मजूर पक्षाचं पहिलंच सरकार होतं. २९ ऑक्टोबरला मतदान. बरोबर चार दिवस आधी 'डेली मेल'ने एक पत्र छापलं. कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे प्रमुख झिनोव्हिएव्ह यांनी ते म्हणे मॉस्कोहून ब्रिटिश कम्युनिस्टांना लिहिलं होतं. त्यात क्रांतीची तयारी करा, सैन्यात फितुरी माजवा, अशी चिथावणी होती. मजूर सरकारने नुकतेच रशियाशी करार केले होते. त्यामुळे मजूर पक्षाला मत म्हणजे बोल्शेव्हिकांना मत, असा प्रचार सोपा झाला. हुजूर पक्ष मोठ्या बहुमताने निवडून आला. १९९९ मध्ये परराष्ट्र खात्याच्याच इतिहासकार गिल बेनेट यांनी कागदपत्रं तपासून सांगितलं की ते पत्र जवळजवळ नक्कीच बनावट होतं. तब्बल ७५ वर्षांनी!

गंमत म्हणजे मजूर पक्षाच्या जागा घटल्या, पण मतं आदल्या वर्षीपेक्षा सुमारे दहा लाखांनी वाढली होती. खरी धूळधाण उडाली ती लिबरल पक्षाची. म्हणून पत्र नसतं तरी हुजूर पक्षच जिंकला असता, असं अनेक इतिहासकार मानतात. मग बिघडलं काय?

माझं उत्तर असं. खोट्याचं माप निकालावरून काढायचं नसतं. आधी ग्राफ काढून मग रीडिंग लिहिणारे आपल्या लॅबमध्ये कमी नाहीत! उत्तर बरोबर आलं तरी त्याला प्रयोग म्हणता येत नाही. तसंच मतदाराला खोटी माहिती पुरवली की बोट त्याचं, पण निर्णय दुसऱ्याचा. म्हणजे नुकसान फक्त हरलेल्या उमेदवाराचं नाही. ज्याने मत दिलं त्याचंही आहे, मग त्याचा पक्ष जिंकलेला का असेना.

दुसरा प्रकार 'नरो वा कुंजरो वा'चा. २०१६ च्या ब्रेक्झिट प्रचारात एका लाल बसवर लिहिलं होतं की आपण युरोपियन युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो. ब्रिटनला मिळणारी सवलत आधीच वजा होत असल्याने एवढी रक्कम प्रत्यक्षात जातच नव्हती. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. तरी बस फिरतच राहिली.

"पण हेतू चांगला असेल तर?" असं कोणी विचारेल. हेतू चांगला असेल तर तो लोकांना खरं सांगून पटवता यायला हवा. आणि हेतू चांगला असल्याचा दावा तर प्रत्येकच पक्ष करतो!

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून खोटं विधान पसरवणं हा भ्रष्ट आचार आहे. ते खरं असल्याचा स्वतःलाच विश्वास नसताना पसरवलं तरी तोच नियम. मात्र फुगवलेले आकडे या कलमात बसत नाहीत. तिथे आपली आपणच चाळणी लावायची.

माझी चाळणी साधी आहे. ही गोष्ट तपासायला समोरच्याला पुरेसा वेळ मिळाला, तरी मी ती सांगेन का? उत्तर 'नाही' असेल, तर तो प्रचार नव्हे, फसवणूक. जीएसच्या इलेक्शनच्या आदल्या रात्री विंगमध्ये फिरणाऱ्या 'आतल्या बातमी'लाही हीच चाळणी लावून बघा. पटतंय का?