पंचांची नजर आणि नियमभंगाचा हिशेब

खेळातील नियमभंगाची चर्चा बहुधा नीतीच्या भाषेत होते. तिच्या तळाशी असलेला हिशेब क्वचितच मांडला जातो. अमेरिकन फुटबॉलच्या शौकिनांत दीर्घकाळ चाललेला एक वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. बचाव करणारे संघ नियम जाणूनबुजून वाकवतात काय, आणि वाकवीत असतील तर दोष कोणाचा, हा तो वाद.

हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे तो फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, हे त्याचे स्थूल स्वरूप. झेल घेण्यासाठी धावणाऱ्या खेळाडूला, प्रारंभरेषेपासून पाच यार्डांपलीकडे धक्का देऊन अडवू नये, असा नियम १९७८ साली झाला. पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंट या दांडग्या बचावपटूच्या नावानेच तो ओळखला जातो. त्याच वर्षी मैदानावर सातवा पंच आला.

वाद विशेष पेटला तो २०१३ च्या मोसमात. त्या वर्षी सिएटल सीहॉक्स संघाविरुद्ध सर्वांत कमी गुण नोंदले गेले. परंतु सर्वाधिक वेळा दंड झालेला संघही तोच होता. २ फेब्रुवारी २०१४ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बाउलमध्ये, त्याने डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडविला. मोसमात ६०६ गुणांचा उच्चांक करणाऱ्या संघाची ही गत! टीकाकार म्हणाले, सिएटलचे खेळाडू जवळजवळ प्रत्येक डावात प्रतिस्पर्ध्याला धरतात, कारण पंच प्रत्येक वेळी पिवळा रुमाल टाकणार नाहीत हे त्यांना ठाऊक असते. समर्थकांचे उत्तर असे की, सारेच संघ हे करतात. आणि पंचांनी जो दिला नाही तो गुन्हाच नव्हे.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातील आवेश बाजूला ठेवला, तर उरतो तो अर्थशास्त्राचा प्रश्न. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले की, गुन्हा करणारा मनुष्य शिक्षेची तीव्रता आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार लक्षात घेतो. धरून ठेवण्याच्या अपराधाला दंड पाच यार्डांचा, शिवाय आक्रमकांना चार प्रयत्न नव्याने मिळतात. समजा, झेल साधला असता तर वीस यार्ड गेले असते, आणि पाच अपराधांपैकी एकच पकडला जातो. मग अपराध हाच किफायतशीर व्यवहार ठरतो. उलट, चेंडू हवेत असताना केलेल्या अडथळ्याला दंड जबर: अपराध घडला त्या जागेवर चेंडू प्रतिपक्षाला मिळतो. म्हणून चतुर बचावपटू आपले काम चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच उरकतो. दंडाच्या दरपत्रकानुसार अपराधाची वेळ ठरते!

राहिली पकडले जाण्याची शक्यता. बावीस खेळाडूंवर सात पंचांची नजर किती पुरणार? अमेरिकेतील एका महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत १९७९ साली दोनांऐवजी तीन पंच नेमले गेले. मॅककॉर्मिक व टॉलिसन या अभ्यासकांनी १९८४ साली तिचा ताळेबंद मांडला, तेव्हा नियमभंग सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे आढळले. खेळाडूंची नीतिमत्ता अर्थातच एका वर्षात पालटली नव्हती.

तरीही 'सारेच करतात' हे समर्थन टिकत नाही. नियमभंग स्वस्त झाला की त्याची किंमत नियम पाळणाऱ्याला मोजावी लागते. हात आवरणारा खेळाडू हरतो आणि प्रशिक्षकाच्या लेखी तो भोळसट ठरतो. पुढच्या वर्षी तोही धरू लागतो. हे दुष्टचक्र तोडणे एकट्या खेळाडूच्या आवाक्यातले नाही. ती जबाबदारी नियम करणाऱ्यांची.

त्यांचा अनुभव बोलका आहे. जानेवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंडच्या बचावाने इंडियानापोलिसचा आक्रमक डाव जखडून टाकला. त्यानंतर जुन्याच नियमाची अंमलबजावणी कडक झाली, आणि पेटन मॅनिंगने त्या मोसमात ४९ टचडाउन फेकींचा तत्कालीन विक्रम केला. २०१४ मध्ये पुन्हा तीच कडक ताकीद द्यावी लागली. २०१९ मध्ये अडथळ्याचे निर्णय चित्रफितीवरून तपासण्याची सोय झाली, पण एका मोसमातच ती गुंडाळली गेली. प्रत्येक स्पर्शाला रुमाल पडू लागला तर खेळ थांबेल, ही अडचण खरी आहे. परंतु कडकपणा दर दहा वर्षांनी येणारा उत्सव असेल, तर मधल्या काळात खेळाडू पुस्तकातला नियम वाचीत नाहीत, पंचांचा स्वभाव वाचतात.

शौकिनांनी म्हणूनच आपल्या संघाचा अपराध 'कणखरपणा' आणि दुसऱ्याचा 'लबाडी' मानण्याचे सोडून एवढेच विचारावे: सरळ खेळणाऱ्याला येथे जिंकता येते काय? नकारार्थी उत्तर येत असेल, तर विजेत्याच्या चषकाइतकाच नियमांच्या पुस्तकाचाही हिशेब तपासावा लागेल.